सरांचा लाल-पांढरा बेल्ट

गणपती होऊन दोन रविवार झाले होते. पनवेलमध्ये एका शाळेच्या पत्र्याच्या हॉलमध्ये आमचा कराटेचा क्लास भरतो, तिथे आम्ही सगळे रांगेत उभे होतो. रांग बेल्टप्रमाणे लागते. सगळ्यात वरचा बेल्ट उजव्या टोकाला, मग उतरत उतरत डावीकडे ते पांढरे बेल्टवाले, ज्यांना अजून गाठसुद्धा धड बांधता येत नाही. उजव्या टोकाला मी असते. थर्ड डॅन, वय पन्नास, गुडघ्यांचं वय विचारू नका. दोन महिन्यांनी त्या दिवशी सर पहिल्यांदाच आले आणि सगळ्यात आधी मला दिसलं की त्यांच्या कमरेला नेहमीचा काळा बेल्ट नाही. लाल आणि पांढऱ्या चौकोनांचा, नवा कोरा, अजून कडक असलेला बेल्ट आहे.

आम्ही वाकून नमस्कार केला. त्या दिवशी सगळ्यांच्या कमरा रोजच्यापेक्षा जरा जास्तच वाकल्या, हे मला वाकल्या वाकल्या दिसलं. नमस्कार करताना नजर जमिनीकडे असावी लागते. माझी सरांच्या गाठीवरून हलेना.

ज्यांना ह्या भानगडी ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगते. ब्लॅक बेल्ट मिळाला की माणूस पोचला, असं लोकांना वाटतं. मुलाचा काळा बेल्ट झाला की आईबाप पेढे वाटतात आणि पुढच्या महिन्यात मुलगा क्लास सोडतो. खरं तर काळा बेल्ट म्हणजे पहिला डॅन, पहिलीच पायरी. असे एकूण दहा डॅन असतात. पाचव्यापर्यंत बेल्ट काळाच राहतो. आमच्या शैलीत सहाव्यापासून आठव्यापर्यंत लाल-पांढरा आणि नववा-दहावा म्हणजे नुसता लाल. लाल बेल्टवाला माणूस मी आजवर फक्त फोटोत पाहिला आहे.

मी चौदा वर्षांची असताना सरांकडे आले, तेव्हा सर चोवीस-पंचविशीचे होते. उरण रस्त्यावरच्या गव्हाणकडच्या गावातून सायकलने यायचे. त्यांनी आम्हाला ह्या रंगांचे अर्थ सांगितले होते. पांढरा म्हणजे पहिल्या दिवसाचा बेल्ट, लाल म्हणजे शेवटचा. लाल-पांढऱ्यात दोन्ही एकाच कमरेला, म्हणजे गुरू झालास तरी अर्धा नवशिकाच आहेस. जपानात माणूस साठीचा झाला की त्याला लाल कपडे घालतात, तो पुन्हा तान्हा झाला म्हणून, त्यावरून तो लाल आला, असंही ते सांगायचे. ऐकताना अंगावर काटा यायचा. आता येत नाही. आता मला वाटतं, आधी कोणीतरी रंग ठरवून टाकतो आणि अर्थ मागाहून चिकटतात. पांढरा बेल्ट धुवायचा नसतो, घामाने मळत मळत तोच काळा होतो, अशीही एक गोष्ट आहे. मी ती खरी मानून वर्षभर बेल्ट धुतला नव्हता. तो काळा झाला नाही, चहाच्या फडक्यासारखा झाला. शेवटी आईने तो चिमट्यात धरून साबणाच्या पाण्यात बुडवला आणि मला हग्या मार दिला.

मुळात माझा स्वभावच संशयी. काही जणांना गोड आवाज मिळतो, मला हा मिळाला. त्यात नोकरीने भर घातली. न्हावा शेवाच्या बंदराजवळ एका यार्डात मी सर्व्हेअर आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या कंटेनरभोवती फिरायचं, कुठे पोचा आहे, कुठे भोक आहे, दाराचं सील कागदावरच्या नंबराचंच आहे की कोणी काढून परत ठोकलंय, ते बघायचं. सव्वीस वर्षं हेच केलं की घरी आलेल्या दुधाच्या पिशवीकडेही माणूस त्याच नजरेने बघतो. काही मंडळी आपला काळा बेल्ट जुना दिसावा म्हणून पॉलिश पेपरने घासतात, तेसुद्धा मी लांबून ओळखते. खरा बेल्ट झिजतो तो गाठीपाशी आणि कमरेच्या वळणावर. घासलेला सगळीकडे सारखा झिजतो.

सरांचा काळा बेल्ट खरा झिजलेला होता. पाचवा डॅन, त्यांच्या गुरूंनी दिलेला. ते गुरू मुंबईत असायचे. ते गेले आणि संस्थेचे तीन तुकडे झाले. त्यातल्या एका तुकड्यात आम्ही आहोत. सहाव्या डॅनचा विषय निघाला की सर म्हणायचे, "पाचवा बास. वरचे बेल्ट मागायचे नसतात, घ्यायचेही नसतात. वरच्यांनी बोलावून द्यायचे असतात." मग ह्यांना बोलावलं कोणी?

हे विचारायची सोय नव्हती. आमच्यात एक रीत आहे, लिहिलेली कुठे नाही पण सगळे पाळतात. गुरूला त्याचा डॅन विचारायचा नाही. तुला शंका आहे, असा त्याचा अर्थ होतो. सरांनीच हे आम्हाला शिकवलं होतं, आणि मी माझ्या हाताखालच्या पोरांना शिकवलं.

एकाने मात्र विचारलं. क्लास संपल्यावर आम्ही चटया गुंडाळत होतो. उरणजवळच्या मोऱ्याहून दर रविवारी बसने येणारा आमच्यातला एक कोळी, पंचेचाळिशीचा, मोरा धक्क्यावर लाँचचे दोर बांधायचं काम करतो. नऊ वर्षं काळ्याच्या आधीच्या ब्राऊन बेल्टवर अडकलेला, कारण परीक्षा आली की नेमकी धक्क्यावर सुट्टी नसायची. त्याने चटई खांद्यावर टाकली आणि सगळ्यांसमोर सरळ विचारलं, "सर, ह्यो नवा बेल्ट कुनी दिला वो?"

सर पाण्याची बाटली शोधत होते. "वरनं आला," ते म्हणाले, आणि आत गेले.

मला त्या कोळ्याचाच राग आला. पायऱ्या उतरताना मी त्याला फैलावर घेतलं. म्हटलं, "इतकी वर्षं येतोस, एवढं कळत नाही? असं विचारतात का गुरूला?"

"का?" तो म्हणाला. "बगितला, ईचारला."

त्याचं तिथेच संपलं. माझ्या मनात पाल चुकचुकायला तिथे सुरुवात झाली. "वरनं" म्हणजे कुठून? जुलै आणि ऑगस्ट दोन महिने सर क्लासला नव्हते. मुलीकडे बंगळुरूला आहे, असा त्यांचा निरोप होता आणि क्लास मी चालवत होते. आता मी त्या दोन महिन्यांकडे नव्याने बघायला लागले. दक्षिणेत कुठल्या तरी दुसऱ्याच संस्थेने ह्यांना गाठलं असणार. फोटो काढायचा, शाल घालायची, बेल्ट बांधायचा. अशा संस्था मी पाहिल्या आहेत. त्यांचे दहावे डॅन चाळिशीतच होतात.

पुढच्या रविवारी मी बेल्ट नीट बघितला. सरांना पकड दाखवायला मीच लागते, त्यामुळे जवळून बघता आला. टोकाला सरांचं नाव सोनेरी दोऱ्याने भरलेलं होतं. तो दोरा, ती अक्षरांची वळणं मी ओळखली. जुन्या पनवेलच्या बाजारात एक नावं भरून देणारा आहे. शाळेच्या दप्तरांवर, पुढाऱ्यांच्या टोप्यांवर, सगळ्यांवर त्याचं 'र' असंच शेपटी काढून येतं. म्हणजे बेल्ट वरून नव्हे, बाजारातून आला होता. मला जे वाटलं ते खरं निघाल्याचा आनंद झाला, हे कबूल करायला हवं. नंतर वाईटही वाटलं, पण आधी आनंद झाला.

शनिवारी यार्डातून सुटल्यावर मी त्याच्या दुकानात गेले. वयस्क मुसलमान गृहस्थ, मशीनवरून मान न उचलता बोलणारे. मी बेल्टचं विचारलं. ते म्हणाले, "हां, तो लाल-सफेद? मीच शिवला ना. कापड कापून, आत कॅन्व्हास भरून. मेहनतीचं काम होतं मॅडम. सरांच्या घरूनच आलं होतं."

सरांच्या घरून. मला एवढंच हवं होतं. मी आभार मानून निघाले. घरून म्हणजे कोण आलं होतं, हे मी विचारलं नाही. यार्डात खोटं सील सापडलं की आम्ही नंबर लिहून घेतो आणि पुढे पाठवतो. कोणी ठोकलं हे शोधणं आमचं काम नसतं. ती सवय मला इथे नडली.

डिसेंबरात ब्लॅक बेल्टची परीक्षा होती. सर्टिफिकेटवर सरांची सही आणि सहीखाली त्यांचा डॅन येणार. पोरं कॉलेजात, नोकरीत ती सर्टिफिकेटं दाखवतात. खोट्या डॅनची सही असली तर त्या सगळ्यांचीच फजिती, असं मी स्वतःला समजावलं. ते खोटं नव्हतं. पण त्याच्याखाली आणखी एक होतं. छत्तीस वर्षं मी ज्या माणसापुढे वाकले त्याने मला न सांगता बाजारातून मोठेपण शिवून आणलं, ह्याचा मला संताप आला होता. मी संस्थेच्या मुंबईच्या ऑफिसला मेल केला. अगदी सभ्य भाषेत. आमच्या प्रशिक्षकांना सहावा डॅन कधी आणि कोणाच्या हस्ते मिळाला ते कृपया कळवावं, रेकॉर्डसाठी हवं आहे. खाली नाव घातलं नाही, 'पनवेलचा एक विद्यार्थी' असं लिहिलं. मेलचा पत्ताही त्यासाठी नवा काढला होता.

तीन रविवारांनी सर पुन्हा काळा बेल्ट बांधून आले. चेहरा ओढलेला. रांग लागली. नमस्कार झाला. मग सर म्हणाले, "आपल्यातल्या कोणीतरी माझ्यामागे संस्थेला मेल केलाय. मला खुलासा द्यावा लागला. परीक्षेला आता बाहेरचा परीक्षक येईल. ज्याला माझ्यावर विश्वास नाही त्याने माझ्याकडे शिकू नये." एवढं बोलून ते त्या कोळ्याकडे वळले. "तू ह्यापुढे येऊ नकोस. परीक्षेच्या यादीतून तुझं नाव मी काढलंय."

सगळ्या हॉलला ते पटलं होतं. विचारलं होतं ते त्यानेच ना. बाकी आम्ही तर रीत पाळणारे. त्याने वाकून नमस्कार केला, सरांना आणि मग हॉलला, बूट हातात घेतले आणि गेला. मी उजव्या टोकाला उभी होते. मी पुढचा सराव मोठ्याने मोजत होते, एक, दोन, तीन, चार.

क्लास सुटल्यावर मी स्कूटरने एसटी स्टँडवर गेले. उरणची बस लागायची होती. तो बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. मी दोन चहा आणले. सांगून टाकायचं, म्हणूनच गेले होते. त्याच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "तू नाही लिहिलंस, मला माहितेय."

"तुमाला ठाव हाय, सरांना नाय," तो म्हणाला. रागावलेला नव्हता. "मना मेल करता येतो का तरी? पोरगी करते माजी."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? मी नाय लिवला असा बोललो तर ते बोलनार, मग कुनी? मग समद्यांच्या तोंडाकडं बगत बसनार." त्याने चहा संपवला. "ज्यानं कलवला तो खरा पन आसल, ताय. पन तोंडावर बोलाया पायजे व्हता. मागनं कशाला?"

बस लागली. तो चढला, खिडकीतून हात केला. कंटेनरवर चढताना मला कधी भीती वाटली नाही, पण त्या बाकावर बसून दोन वाक्यं बोलायला जमेना. घरी येऊन मी तो नवा मेलचा पत्ता बंद केला, जणू त्याने काही होणार होतं. स्वतःची लाज वाटली, फार वाटली. आणि त्यातही एक कोपरा म्हणत होता, पण बेल्ट खोटा होता ना? तू बरोबरच होतीस. तो कोपरा अजून आहे, त्याचं मी काही करू शकलेले नाही.

चार दिवस मी तशीच काढले. पाचव्या दिवशी यार्डातून परस्पर गव्हाणकडे वळले. सरांचं गाव आता ओळखू येत नाही. जिथे त्यांची भातशेती होती तिथे डंपर उभे असतात आणि गावातल्या सगळ्यांची घरं तीन-तीन मजली झाली आहेत. सरांच्या घराच्या चौकटीकडे बघून मी पायरीवरच थबकले. जिथे लोक लिंबू-मिरची टांगतात तिथे, खिळ्याला, तो लाल-पांढरा बेल्ट लोंबत होता. चीड आली. एवढं होऊनही हे मिरवणं?

दार काकींनी उघडलं. काकी म्हणजे सरांची बायको. मोठ्याने बोलणारी, मोठ्याने हसणारी, वडलांची मिठागरं होती त्याचा अजूनही अभिमान असलेली बाई. त्यांनी मला आत घेतलं, पाणी दिलं आणि माझ्या तोंडून काही निघायच्या आत त्यांनीच तक्रार सुरू केली.

"तू सांग गो त्यांना. तू सांगशील त आयकतील. तो पट्टा आता बांदीत नाय. एवढा करून घेतला मी, जावाचा तर बांदूनच जावाचा असा कबूल केलता, आता नाय बोलतान. म्हून मी दाराला लावला. घराला तरी नजर नको."

"तुम्ही करून घेतलात?" मी म्हटलं.

"मीच. बाजारात जाऊन. जून महिन्याच्या शेवटाला यांच्या छातीत दुखला. दोन नल्या टाकल्या डॉक्टरनं, दोन महिने घरात निजून व्हते. तुमाला कुनाला सांगू नको बोलले, पोरा घाबरतील. मुलीकडं गेलो सांग. मंग बरा वाटला तवा रविवार आला का नुसता जीव वर-खाली. मी बोलले, तसाच नाय जावाचा. एवढी पोरा रोज बगतान, नजर लागनारच. तो बग," आणि त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. सरांचे गुरू, हार घातलेले, कमरेला लाल-पांढरा बेल्ट. "त्यांच्या पट्ट्यात बग ना. एका घरात मिरची, एका घरात मीठ. मी मिठागरवाल्याची पोर, मना कलत नाय का? मोठा मानूस झाला का त्याला नजर जास्ती, म्हून तसा पट्टा. मी फोटो दाकवून हुबेहूब करून घेतला."

मी त्या फोटोकडे बघत राहिले. आम्ही इतकी वर्षं तान्हं मूल आणि नवशिका आणि पहिला दिवस म्हणत होतो. ह्या बाईला तो रंग बघताक्षणी कळला होता, तिच्या परीने. आणि तिचा अर्थ आमच्या अर्थापेक्षा काही कमी खरा होता असं मला अजूनही म्हणवत नाही.

सर मागच्या अंगणात खुर्चीवर बसले होते. काकी चहा ठेवायला गेल्या. मी त्यांच्यासमोर उभीच राहिले आणि म्हटलं, "सर, तो मेल मी केला होता. त्याने नाही."

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. "तू?" ते म्हणाले. मग विचारलं, "मला का नाही विचारलंस?"

"गुरूला विचारायचं नसतं. तुम्हीच शिकवलंत."

ते हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "विचारलं असतंस तरी मी खोटंच सांगितलं असतं. त्याला सांगितलंच की. वरनं आला म्हणे." त्यांनी आत काकींचा अंदाज घेतला आणि आवाज खाली आणला. "पहिल्या रविवारी हिच्यासाठी बांधला. ठरवलं होतं, नाक्यावर गेलो की सोडून गाडीत ठेवायचा, काळा बांधायचा. नाक्यावर गाडी थांबवली, आरशात बघितलं, आणि नाही सोडला. तुम्ही सगळे त्या दिवशी कसे वाकलात. दुसऱ्या रविवारी बांधला तो माझ्यासाठी."

माझा संशय खरा होता आणि खोटाही होता. दोन्ही एकदम हातात आल्यावर काय करायचं हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

"मग त्याला का काढलंत?" मी विचारलं. छत्तीस वर्षांत त्यांना विचारलेला तो पहिला प्रश्न असावा.

"त्याने विचारलं तेव्हा तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मी खोटं बोललो ते त्याला कळलं होतं. नंतर दर रविवारी तो समोर उभा राहिला की मला ते आठवायचं. संस्थेचं पत्र आलं तेव्हा," ते थांबले, "तेव्हा मला बरंच वाटलं. त्याला घालवायला कारण मिळालं."

काकी चहा घेऊन आल्या. आम्ही तिघांनी चहा घेतला, काकी एकट्याच बोलत होत्या. निघताना सर फाटकापर्यंत आले. म्हणाले, "त्याला फोन मी करतो. यादीत नाव परत घालतो. मी खोटं बोललो तेही सांगेन. तुझं मात्र तू सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रजा टाकून मोऱ्याला गेले. भाऊच्या धक्क्याहून येणारी लाँच अजून लांब होती. तो धक्क्याच्या कडेला दोराची वेटोळी नीट करत होता. सरांचा फोन येऊन गेला होता, हे त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं. मी ह्या वेळी बसले नाही, इकडचं तिकडचं बोलले नाही. "संस्थेला मी कळवलं होतं," म्हटलं. "स्टँडवर तुझ्याशेजारी बसले होते तेव्हाही मला सांगता आलं नाही."

त्याने हातातला दोर खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, मग पाण्याकडे.

"सर खोटा बोलले ते मना तवाच कलला व्हता," तो म्हणाला. "पन म्हातारा मानूस, आजारातनं उठलेला. मी बोललो, बोलू दे."

"आजारी होते ते तुला माहीत होतं?"

"त्यात ठाव काय आसाचा? जिन्याच्या पायऱ्या चडताना मदेच थांबत व्हते. हात छातीला. लुगडा सुटलेल्या बाईवानी बेल्ट सारका वर वडीत व्हते, एवढा प्वाट गेलता आत." तो जरा थांबला. "तुमी नाय बगितला? तुमची नजर त एवढी बारीक."

मी नव्हतं बघितलं. मी बेल्टवरचा 'र' बघितला होता, शिवण बघितली होती, कापडाचा कडकपणा बघितला होता. बेल्टच्या आतला माणूस दोन महिन्यांत किती वाळलाय हे उजव्या टोकाला, त्यांच्या अगदी जवळ उभं राहून मला दिसलं नव्हतं, आणि माझ्या डावीकडे उभ्या राहणाऱ्या ह्या माणसाला दिसलं होतं. लाँचने भोंगा दिला. तो दोर उचलून कडेला गेला. मी थोडा वेळ थांबले. लाँच लागली, माणसं उतरली, त्याला काम होतं. मी परत आले.

डिसेंबरात परीक्षा झाली. बाहेरचा परीक्षक कडक होता, त्याने सगळ्यांना घाम फोडला. सर बाजूला खुर्चीवर बसले होते, काळा बेल्ट बांधून. परीक्षेआधी त्यांनी सगळ्या हॉलसमोर सांगितलं की लाल-पांढरा बेल्ट त्यांना कोणी दिलेला नव्हता आणि मोऱ्याच्या विद्यार्थ्यावर त्यांनी खोटा आळ घेतला. मग मी पुढे होऊन सांगितलं की पत्र माझं होतं. माझ्याकडे कोणी नीट बघितलं नाही. ते बरोबरच होतं.

तो पास झाला. नऊ वर्षांनी. त्याची बायको आणि मुलगी दाराशी उभ्या होत्या. आमच्यात पहिला काळा बेल्ट परीक्षक हातात देतो, पण कमरेला बांधायचा मान उजव्या टोकाला उभ्या असलेल्याचा. त्या क्लासमध्ये गेली कित्येक वर्षं प्रत्येक नव्या ब्लॅक बेल्टची पहिली गाठ मी बांधली आहे. मी त्याच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि हात पुढे केला.

"ऱ्हाव द्या ताय," तो हळू म्हणाला, फक्त मला ऐकू जाईल इतपत. "मी बांदतो."

त्याने स्वतःच बांधला. दोन फेरे, गाठ घट्ट, दोन्ही टोकं सारखी. धक्क्यावर आयुष्य काढलेल्या माणसाची गाठ, तिला काही नाव ठेवायला जागा नव्हती. मग तो माझ्यासमोर वाकला, रीतीप्रमाणे, पूर्ण वाकला. त्या वाकण्यात काही कमी आहे का, हे मी तिथेही शोधलं. काही सापडलं नाही.

आता तो रांगेत माझ्यापासून चौथा असतो. क्लास सुटला की "येतो ताय" म्हणून बसला जातो, पूर्वी म्हणायचा तसंच. त्याने मला माफ केलंय की नाही, मला माहीत नाही. दर रविवारी विचारायचं ठरवते. अजून विचारलेलं नाही.